क्रोशाचं अर्धवट काम दाखवावं का? (आणि दाखवलं तर बघणाऱ्याने काय बोलावं?)

सुरंगी (फोंडा)

पावसाळा आणि क्रोशे यांचं आमच्याकडे जुनं सूत आहे. गोव्यातल्या फोंडा, माशेल, मडकई भागातल्या आम्ही काही बायका शनिवारी दुपारी कुणा ना कुणाच्या सोप्यावर जमतो, विणतो, गजाली करतो. अलीकडे ग्रूपवर 'आज सुईवर (म्हणजे क्रोशाच्या हूकवर) काय?' म्हणून अर्ध्या कामाचे फोटो टाकायची पद्धत पडली आणि तिथून ठिणगी उडाली.

एकीने पिवळ्या तोरणाच्या पहिल्या काही ओळी टाकल्या. तासाभरात सल्ल्यांचा भडिमार. सुई बारीक घे, कड ओढली जातेय, पिवळ्याला हिरवी किनार हवी, आमच्याकडे असं करत नाहीत. यातलं तिने काहीही विचारलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने सगळं उसवलं आणि तेव्हापासून ती फोटो टाकत नाही.

आता ग्रूपात दोन तट. एक म्हणतो, पुरं झाल्यावरच दाखवा. दुसरा म्हणतो, मग ग्रूप कशाला, प्रदर्शनच भरवा.

माझं मत: अर्धवटच दाखवावं. पूर्ण झालेल्या वस्तूला 'वा, छान'पलीकडे कुणी काय बोलणार? काही बदलायचं असेल तर ते सुईवर असतानाच बदलता येतं. पण बघणाऱ्याने जिभेला थोडा लगाम घालावा.

तुम्ही दाखवता का? कधी? आणि दाखवल्यावर काय ऐकायला आवडतं?

माझ्या सुईवर सध्या: चवथीसाठी जाळीच्या विणीतलं (रिकाम्या आणि भरलेल्या चौकटींचं) तोरण, २० नंबरचा पांढरा दोरा, मधोमध 'श्री गजानन प्रसन्न'. 'श्री' झालाय, बाकी गणपतीवर हवाला.

पेडण्याची_पूर्वा

धागा आवडला. (दोन्ही अर्थांनी.) वाचतेय.

उसवाउसवी

मी नाही दाखवत. नजरबिजर काही नाही, माझं कारण वेगळं आहे. अर्ध्या शालीचा फोटो टाकला, पन्नास जणींनी 'सुरेख' म्हटलं, की माझ्यापुरती ती शाल संपते. कौतुक आगाऊ घेऊन झालं, आता पुढचे खांब (उंच टाके) कोण मोजत बसणार? अशा 'सुरेख' शालींची एक अख्खी पिशवी कपाटावर पडून आहे. आई म्हणते, निदान पायपुसणी तरी कर त्यांची.

आणि सुरंगीताई, लगाम वगैरे ठीक आहे, पण चारचौघांत फोटो टाकायचा आणि कुणी बोलायचं नाही, हे जरा जास्तच होतंय.

साखळीकर_सई

आमच्या गावाचं नावच साखळी, आणि सांगायला लाज वाटते, मला साखळीपुढे (क्रोशाचा तो अगदी पहिला टाका) अजून काही येत नाही. माझं सगळंच अर्धवट, त्यामुळे दाखवायचं की नाही हा प्रश्नच नाही.

डिचोलकर

सई, माझ्या गावाच्या नावात काही सोय नाही, तरी मी शिकलो. धीर धर.

मी पुरुष, वय साठच्या पुढे. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून तिच्याकडूनच क्रोशे शिकलो. आता कदंबच्या बसमध्ये विणतो, चोडणच्या फेरीबोटीत विणतो. माझं काम आपोआपच जगजाहीर आहे. शेजारी बसलेला माणूस पाच मिनिटं बघतो, मग हमखास विचारतो, "मिसेससाठी काय?" मी म्हणतो, मिसेसला येत नाही, म्हणूनच मी करतो.

मुद्द्याचं सांगतो. मी पहिल्या चार ओळी कुणाला दाखवत नाही. तेवढ्यात काम स्वतःलाच कळलेलं नसतं. वीण हाताला बसली, कड सरळ निघाली, दोरा पुरेल का याचा अंदाज आला, मग दाखवतो. त्यावेळी कुणी सांगितलं की डावीकडे काम निमुळतं होतंय, तर ऐकायला बरं वाटतं. हे निमुळतं होणं नवशिक्यांत फार आढळतं. ओळ वळवताना घातलेल्या तीन साखळ्या हाच त्या ओळीचा पहिला खांब. पुढच्या ओळीच्या शेवटी त्या साखळ्यांच्या डोक्यावर खांब घालायचा विसरतो आणि दर ओळीला एक टाका गळतो. शाल म्हणून सुरू केलेलं काम समोशावर संपतं.

उसवाउसवी, तुमच्या पिशवीतलं काही समोशाच्या आकाराचं असेल तर सांगा.

उसवाउसवी

काका, दोन आहेत. अंतर्यामी आहात.

अबोली_मडगाव

मीही अर्धवटच टाकते, आणि मला सल्ला हवा आहे. स्पष्ट लिहिते म्हणजे कुणाला संकोच नको. गोल रुमाल, मधल्या टीपॉयवर घालायला. पहिल्या तीन फेऱ्या सपाट वाटल्या, आता कडा वर उचलल्या जातायत. फोटोत टेबलावर ठेवलाय तो रुमालच, वाटी नव्हे.

पेडण्याची_पूर्वा

अगो, त्यात सोलकढी राहील की!

तिरफळ

फार घट्ट विणतेस का? सुई अर्धा मिलिमीटर मोठी घेऊन बघ.

डिचोलकर

घट्टपणा वाटत नाही. फोटो मोठा करून पाहिला, मधल्या वर्तुळात ६ खांब दिसतायत. दर फेरीला किती वाढवतेस? आणि पॅटर्न कुठला?

अबोली_मडगाव

दर फेरीला ६. पॅटर्न एका ब्रिटिश साइटवरचा. त्यात 'डबल क्रोशे' लिहिलंय, म्हणजे आपला खांब ना? हूक ४ मिमी.

डिचोलकर

सापडला चोर. अमेरिकन पॅटर्नमधला डबल म्हणजे आपला खांब. ब्रिटिश पॅटर्नमधला डबल म्हणजे आपला मुका खांब, आणि आपल्या खांबाला ते ट्रेबल म्हणतात. तू बुटक्या टाक्याचा हिशोब उंच टाक्याला लावलास.

गणिताचे_सर

यामागचं कारण सुंदर आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या २π पट, म्हणजे सहापटीहून थोडा जास्त, परीघ वाढतो. मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच, म्हणून दर फेरीला ६ टाके वाढवले की काम सपाट राहतं. खांब त्याच्या दुप्पट उंच, म्हणून सुरुवात १२ खांबांनी आणि वाढही दर फेरीला १२. अबोली निम्मेच वाढवत होती. परीघ कमी पडला, कापडाला वर उठण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

उलट गरजेपेक्षा जास्त वाढवत गेलात तर कडेला झालर येते. ती चूकच असते असंही नाही. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम अशी झालर विणून हायपरबोलिक पृष्ठभाग (जागोजागी खोगिरासारखा वळलेला) हातात धरता येईल असा केला. त्याआधी कागदाची मॉडेलं होती, ती फाटत. ती कल्पना घेऊन २००५ पासून वर्टहाइम भगिनींनी क्रोशाची प्रवाळबेटं करायला घेतली, त्यात जगभरातल्या हजारो लोकांनी आपापले तुकडे विणून घातले. आमच्या बारावीच्या वर्गात मी असा एक विणलेला तुकडा नेतो. पोरं आधी हसतात, मग कुणीतरी विचारतंच, सर, याच्यावर सरळ रेघ कशी काढायची?

अबोली_मडगाव

सर, काका, देव बरें करूं! आता उसवू की वाटी म्हणूनच ठेवू?

साखळीकर_सई

वाटीच ठेव. आमच्याकडे पाठव, मी सुया ठेवीन. मला वस्तू मिळेल, तुझं उसवायचं वाचेल.

सुरंगी (फोंडा)

बघा! नुसतं 'कडा वर येतायत' म्हटल्यावर सोलकढीपासून सुईच्या नंबरापर्यंत सगळं झालं, पण हिने वाढीचा आकडा आणि पॅटर्न कुठला ते सांगितल्याबरोबर उत्तर मिळालं. दाखवणाऱ्यानेही दोरा, हूक आणि पॅटर्न एवढं तरी लिहावं. बाजूला मोजपट्टी ठेवली तर सोन्याहून पिवळं. आमच्या ग्रूपवर फोटो येतो तो रात्री ट्यूबलाइटखाली, मांडीवर, त्यात निम्मं मांजर.

पेडण्याची_पूर्वा

मांजर राहू दे. मांजरासाठीच तर फोटो बघतो.

तिरफळ

मी विक्रीसाठी करते, स्लिंग बॅग, कानातले, हल्ली मोबाइलचे पाउच. सीझनमध्ये हडफड्याच्या रात्रबाजारात टेबल लावते. माझा अनुभव कडू आहे. एका बॅगेची कल्पना जमून आली, आनंदाच्या भरात अर्ध्या कामाचा फोटो टाकला. माझी बॅग टेबलावर यायच्या आधी तीच बॅग दुसऱ्या टेबलावर लटकत होती. तेच रंग, तोच पट्टा. भांडणार कशावर? तेव्हापासून विकायचं काम पूर्ण होऊन विकलं गेल्यावरच दाखवते.

छंद म्हणून करणाऱ्यांनी खुशाल दाखवावं. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना आग्रह करू नये.

डिचोलकर

तिरफळ, दुखणं समजलं. पण क्रोशाची गोम अशी की पूर्ण वस्तूचा फोटोही जाणकाराला वाचता येतो. खांब मोजायचे, साखळ्या मोजायच्या, झालं. लिहिलेला पॅटर्न आणि काढलेला फोटो ज्याचा त्याचा, तो न विचारता छापणं गैर. नुसत्या टाक्यावर मात्र कुणाची मालकी नाही.

तिरफळ

काका, कायद्याचं सोडा. सीझनमध्ये कोण पहिलं पोचतं यालाच महत्त्व असतं. अर्धवट दाखवलं की मी माझी आघाडी फुकट देते.

जुनी_पेटी

थोडा इतिहास. अर्धवट काम हातोहात फिरणं हे क्रोशात नवं नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक बुडालं, दुष्काळ पडला, तेव्हा नन्सनी आणि इतरांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. बहुतेक वेळा एक बाई फक्त गुलाब विणायची, दुसरी पानं, तिसरी ते सगळं जाळीत जोडायची. आपल्या देशात आंध्रातल्या नरसापूरला गोदावरीच्या काठी मिशनऱ्यांच्या काळापासून तेच चालत आलंय. फुलं करणाऱ्या वेगळ्या, जोडणाऱ्या वेगळ्या. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही (जीआय टॅग) मिळालं. आणि ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत देशभरातल्या बायकांनी विणलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट झालं, गिनीज बुकात गेलं. एकटीने कुलूप लावून केलेलं काम असतं तर यातलं काही झालं असतं का?

आपल्याकडे बार्देस-साष्टीतल्या ख्रिस्ती घरांत वेदीवरचे रुमाल, बाळाच्या बाप्तिस्म्याचे झगे, टोपडी आजही क्रोशाची दिसतात. माझी शेजारीण अर्धा रुमाल कुंपणावरून मला द्यायची, "जरा बघ गो, इथे चुकलं काय?" म्हणून. मी चूक काढायची, एखादी ओळ विणून परत द्यायची. त्या रुमालात माझा हात कुठला आणि तिचा कुठला, हे आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही.

उसवाउसवी

जुनी_पेटी, शेजारणीची गोष्ट गोड आहे. पण नरसापूरच्या बायका फुलं विणत होत्या त्या हौसेने नव्हेत. नगावर पैसे, तेही अगदी थोडे, आणि लेस विकणाऱ्याचं घर मोठं झालं. जिने नुसती फुलं केली तिला पूर्ण वस्तू बघायलाही मिळत नसेल. 'सगळ्यांनी मिळून केलं' म्हणताना कुणाच्या नावावर विकलं गेलं तेही बघावं. तिरफळ जे सांगतेय ते यापासून फार लांब नाही.

तिरफळ

उसवाउसवी, तुम्हाला माझ्याकडून एक पाउच. आणि मी माझं मत बदललेलं नाही, हे सगळ्यांसाठी.

जुनी_पेटी

मान्य. पैशाचा व्यवहार आला की कुंपणावरचा हिशोब चालत नाही.

गणिताचे_सर

अवांतर: सध्याच्या ओलीत दोरा कसा ठेवता? पणजीत आमच्या कपाटातल्या गुंड्यांना तळघराचा वास यायला लागलाय.

पेडण्याची_पूर्वा

सर, अर्ध्या कामात स्टीलची सुई तशीच अडकवून ठेवू नका. मुलामा उडालेली असेल तर पावसाळ्यात गंज धरते आणि पांढऱ्या दोऱ्यावर तांबूस डाग पडतो. सुई काढायची, शेवटचा फासा थोडा लांब ओढायचा आणि त्यात वेगळ्या रंगाचा दोरा घालून गाठ मारायची. सेफ्टी पिनही नको, तीही गंजते.

डिचोलकर

डाग पडलाच तर बिंबल (ते आंबट फळ, बिलिंबी) चोळा. गंजाच्या डागावर लिंबापेक्षा भारी. मात्र आधी कोपऱ्यावर करून बघा, रंगीत दोऱ्याचा रंग जायचा.

जुनी_पेटी

आणि पावसाळ्यात खळ घालून रुमाल पेटीत ठेवू नये. कसर आणि झुरळं पेजेवर ताव मारतात. चवथीला काढायचा असेल तर आदल्या आठवड्यात धुवायचा, ओलाच पिना लावून चटईवर ताणायचा, पातळ पेज कापसाने लावायची. पेज सुरय (पांढऱ्या, न उकडलेल्या) तांदळाची. उकड्याची पेज पिताना गोड, पण पांढऱ्या रुमालाला लालसर झाक देते.

साखळीकर_सई

अर्धवट कामाचा धागा होता ना हा? आता पेजेवर आलोय. पाठोपाठ सुक्या बांगड्यावर जाणार.

अबोली_मडगाव

सई, पेजेबरोबर तोच लागतो. थांब, येतेच आहे कुणीतरी पाककृती घेऊन.

लोकरीसारख्या अॅक्रिलिक धाग्याचं काय? त्याला इस्त्री चालते का?

पेडण्याची_पूर्वा

अॅक्रिलिकला गरम इस्त्री कधीच नको. धागा मरतो. ढिला, चकचकीत पडतो आणि परत उभा राहत नाही. ओलं करून पिना लावून वाळव, तेवढंच. आणि गोव्यात अॅक्रिलिकची शाल घालणार कोण? सुती धागाच घे. मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमक आणलेला) घेतलास तर चमकही टिकते.

गणिताचे_सर

चोर्ला घाटाच्या वर राहणाऱ्यांना विचारा शाल लागते का ते.

डावखुरी_वास्को

सुरंगीताईंच्या 'श्री गजानन प्रसन्न'वरून विचारते. मी डावखुरी. जाळीच्या विणीत 'शुभ' विणलं तर आलेखात (चौकटींच्या नकाशात) बरोबर, हातात उलटं. आरशात बघितल्यासारखं. सगळं काम पुन्हा डोळ्यांखालून घातलं, एकही चौकट चुकलेली नाही. काय करू?

सुरंगी (फोंडा)

अगो, काही करू नकोस, नुसतं उलटं कर! जाळीची वीण दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. आलेखाची पहिली ओळ उजव्या हाताचे लोक उजवीकडून वाचतात, तुझा हात डावीकडून जातो, म्हणून अक्षर फिरलं. मागची बाजू पुढे घे, 'शुभ' सरळ.

डावखुरी_वास्को

केलं. आलं. मी ते उसवायला सुरुवात करणार होते!! हा धागा आधी का वाचला नाही.

सुरंगी (फोंडा)

आता देवनागरीचंच निघालंय तर सांगते. जाळीत इंग्रजी अक्षरांपेक्षा आपली अक्षरं बरी उतरतात. शिरोरेघ म्हणजे सलग भरलेल्या चौकटींची एक ओळ, ती सगळ्या शब्दाला धरून ठेवते. त्रास होतो तो वेलांट्यांचा. 'श्री'ची वेलांटी शिरोरेघेच्या वर जाते, तिला निदान तीन ओळी मोकळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर ती किनारीत घुसते आणि 'श्री'चा 'श्रा' होतो. आणि चौकट नावालाच चौरस असते. एक खांब, दोन साखळ्या, पुढचा खांब. हात किती घट्ट किंवा ढिला यावर ती उभट किंवा बसकी होते. अक्षरं काढायच्या आधी दहा बाय दहा चौकटींचा नमुना विणून पट्टीने मोजावा. साखळीचा हिशोब: चौकटींच्या तिप्पट अधिक एक, इतके टाके. सुरुवातीला वळण्याच्या साखळ्या वेगळ्या.

माझ्या तोरणाची पहिली साखळी चारशेच्या घरात गेलीय. मोजताना कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून.

डिचोलकर

सुरंगी, तू विचारलेलं नाहीस, तेव्हा हा सल्ला न विचारता दिलेला. माफी आधीच मागतो. एवढी लांब साखळी घालूच नये. तोरण उभ्या अंगाने विणावं. उंचीएवढी छोटी साखळी घालायची आणि अक्षरं डावीकडून उजवीकडे एकेका रकान्याने वाढत न्यायची. शिरोरेघ मग प्रत्येक ओळीच्या वरच्या टोकाला एकेक भरलेली चौकट म्हणून येते. फायदा हा की दाराची रुंदी आली की थांबता येतं. तुझ्या पद्धतीत 'प्रसन्न' चौकटीत बसत नाही असं शेवटी कळलं तर गजाननालाही काही करता येणार नाही.

सुरंगी (फोंडा)

काका!!! याच धाग्यावर, माझ्याच अर्धवट कामावर, न विचारता!

(पण पटलं. पुढचं तोरण तसंच करीन. हे नाही, याचा 'श्री' फार छान झालाय.)

उसवाउसवी

पॉपकॉर्न संपला, आता काजू भाजायला ठेवलेत.

हळदीचं_पान

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते इथे. आज लिहावं लागतंय, कारण ती पिवळ्या तोरणाची बाई मीच.

सुरंगीताई, तुम्ही माझ्या बाजूने बोललात, बरं वाटलं. पण सल्ल्यांमुळे मी उसवलं नाही. हिरव्या किनारीची कल्पना तर मला आवडलीच होती. उसवलं ते दोऱ्यामुळे. दोन गुंडे आणले होते, तिसरा आणायला गेले तर त्याच नंबरचा पिवळा वेगळ्या लॉटचा (वेगळ्या वेळी रंगवलेला). दुकानात सारखाच वाटला, घरी उजेडात धरला तर एक लिंबाचा आणि एक हळदीचा. मधेच रंग बदललेलं तोरण दारावर लावून काय करू? तेवढ्याच दोऱ्यात बसेल असं काहीतरी करावं म्हणून उसवलं.

आणि फोटो टाकायचं थांबवलं त्याचंही कारण वेगळं. ते तोरण माझ्या नणंदेच्या नव्या घरासाठी होतं. ग्रूपातल्या कुणीतरी कौतुकाने फोटो पुढे पाठवला आणि दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन, "वहिनी, पिवळं बरं दिसतं, पण आमचं दार निळं आहे हो." ती गंमतच गेली. मला सल्ल्याचं काही वाटत नाही. फोटो ग्रूपाबाहेर गेला, त्याचं वाटलं.

सुरंगी (फोंडा)

अगो बाय, मग बोलली का नाहीस? मी इथे तुझ्या नावाने वकिली करत बसले!

हळदीचं_पान

तुम्ही इतक्या पोटतिडकीने बोलत होता, मधे तोंड घालवेना.

तिरफळ

म्हणजे मूळ मुद्दा माझाच निघाला. फोटो कुठे जातो हा.

पेडण्याची_पूर्वा

भेटवस्तूचं काम असेल तर फोटोबरोबर तसं लिहावं. 'भेट आहे, पुढे पाठवू नका.' आमच्या म्हापशाच्या मैत्रिणींत एवढा एकच नियम आहे आणि तो चालतो. सल्ल्याचं म्हणाल तर ज्याला हवा तो अबोलीसारखा विचारतोच. ज्याने विचारलं नाही त्याच्या फोटोखाली 'पुढे दाखव हं' एवढं पुरतं.

उसवाउसवी

'पुढे दाखव हं' हे मला चालेल. 'सुरेख'पेक्षा बरं, त्यात काम संपवायचा तगादा आहे. पिशवीतली एक शाल काढते. समोसा नसलेली.

डिचोलकर

समोसाही काढा, त्याला त्रिकोणी शाल म्हणतात. मुद्दाम केली म्हणून सांगायचं.

पेडण्याची_पूर्वा

हळदीचं_पान, तुझ्या पहिल्या गुंड्यांचं लेबल आहे का अजून? लॉट नंबरचा फोटो टाक. मी गेल्या वर्षी मखराच्या झालरीला पिवळाच दोरा घेतला होता, त्यातले उरलेत.

हळदीचं_पान

लेबल आहे, फेकलेलं नाही. हा घ्या फोटो. निम्मं मांजर आहे त्यात, माफी.

पेडण्याची_पूर्वा

तोच लॉट! दोन गुंडे आहेत, एक न उघडलेला. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येशील? मी केळीवाल्यांच्या बाजूला असते.

हळदीचं_पान

येते, नक्की येते! पण नणंदेचं दार निळं आहे, त्याचं काय करू?

पेडण्याची_पूर्वा

निळ्यावर पिवळं उठून दिसतं, तिला म्हणावं गप्प बस. दहाच्या आत ये, नंतर तिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही.